अँबॅसिडरमधून बाईंची सायकल

सायकल टपावर बांधून न्यायची असते, हे मला तीन जणांनी सांगितलं. एक पंक्चरवाला, एक समोरचे रिटायर्ड हवालदार आणि एक असाच रस्त्यानं चाललेला माणूस, ज्याचा ह्यात काही संबंध नव्हता. तिघांनाही मी एकच उत्तर दिलं, "टपाला हात लावायचा नाही." आमच्या ह्यांनी त्या पांढऱ्या अँबॅसिडरच्या टपाला कधी सुतळीसुद्धा लागू दिली नव्हती. लग्नासाठी कुणी गाडी मागायला आलं, की हे आधी विचारायचे, "फुलं कशानं लावणार?" समोरचा चिकटपट्टी म्हणाला, की त्याला चहा पाजून निरोप.

हे जाऊन चार वर्षं झाली. सुभेदार म्हणून पेन्शनीत आले, साताऱ्यात घर बांधलं आणि ही गाडी घेतली, तीही तेव्हाच जुनी. मला पन्नाशीत गाडी शिकवली, ती पलटणीतल्या पद्धतीनं, म्हणजे ओरडून. मी शाळामास्तरीण, मला कुणी ओरडलेलं चालत नाही. त्या महिन्यात आम्ही जेवढं भांडलो तेवढं उरलेल्या संसारात भांडलो नसू. पण गाडी मला आली. आता दर रविवारी सकाळी मी ती कॉलनीतून बाहेर काढते, वाढे फाट्यापर्यंत नेते आणि परत आणून लावते. बॅटरी उतरू नये म्हणून, असं लोकांना सांगते. खरं म्हणजे जुनी गाडी बघून रस्त्यावर दोन-चार माणसं हात करतात, तेवढंच.

मूलबाळ आम्हाला नाही. घरात मी आणि रेडिओ. रेडिओ बोलतो, पण ऐकून घेत नाही. सकाळी पेपरवाला, दहाला भांडीवाली, मग दिवसभर कुणी नाही. कधी कधी दुपारी चारला माझ्या लक्षात येतं, की आज आपला आवाज आपण ऐकलेलाच नाही. मग मी मुद्दाम दुकानात जाऊन मीठ मागते. घरात मिठाचे पाच पुडे आहेत. मला एकटं वाटतं, हे सांगायला आता लाज कसली.

अशात मार्गशीर्षात सांगलीहून फोन आला. माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा मुलगा बोलत होता. आम्ही दोघी नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत होतो, तेव्हा हा जन्मालाही आला नव्हता. मला मावशी म्हणतो.

"मावशी, आईला आता माणसं ओळखू येत नाहीत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. माझंही नाव तिला कधी आठवतं, कधी नाही. पण रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभी राहते आणि विचारते, बाईंची सायकल कुठं आहे. काल शेजाऱ्यांची सायकल धरून ठेवली, सोडेचना. तुमच्याकडं ती जुनी सायकल असेल का? नसेल तर आम्ही दुसरी आणतो."

"दुसरी आणू नकोस," मी म्हटलं. "मी घेऊन येते."

फोन ठेवला आणि तिथंच पायरीवर बसले. दोन वर्षं माझं आणि तिचं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर मला नावं ठेवाल. ह्यांच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला तिचा फोन आला नाही. मी दिवसभर वाट बघितली. रात्री ठरवलं, ती करत नाही तर मी तरी का करू? मग दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर सणाला मी फोनकडं बघायची आणि माझा पारा आणखी चढायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी मी. ती एकेक गोष्ट विसरत चालली होती, आणि मी इथं बसून माझा मान राखत होते.

आता भीती एकच होती, की ती मलाही विसरली असेल. आईवडील गेले, भाऊ गेला, हे गेले. मी पंचवीस वर्षांची होते, मी कशी हसायची, कशावरून चिडायची, हे पाहिलेलं एकच माणूस आता जिवंत होतं आणि ते सांगलीत होतं. त्यानं मला ओळखलं नाही तर ते सगळं फक्त माझ्या सांगण्यावर राहिलं. मी मनाशी घाट घातला, की सायकल बघितल्यावर तिला सायकल आठवेल, आणि सायकल आठवली की मी आठवेन. एकीशिवाय दुसरी कशी आठवेल?

कारण ती सायकल आमच्या दोघींची होती. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही वडूजला एका खोलीत भाड्यानं राहायचो आणि सात किलोमीटरवरच्या एका वाडीत शाळा चालवायचो. दोन शिक्षकांची शाळा, दोन्ही शिक्षक बाया. एसटी तिकडं जात नव्हती. मी कृष्णाकाठच्या उसाच्या गावातली, लग्न झालेली, नवरा सीमेवर. ती माणदेशातली, मेंढपाळाची मुलगी, त्यांच्या घरातली शिकलेली पहिली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी म्हणून वाडीनं तिला थोरल्या बाई केलं आणि मला धाकट्या बाई. आम्हीही एकमेकींना बाई म्हणायला लागलो ते कायमचंच. "ए बाई, पाणी तापलं का बघ," असं.

दोघींनी मिळून एक जुनी लेडीज सायकल घेतली. आधी डबलसीट जाऊन बघितलं. रस्ता सगळा मुरमाचा, त्यात चढ. तिसऱ्या दिवशी सरपंचांच्या दारात दोघी आडव्या झालो, आणि सरपंच धोतर सावरत धावत आले ते आधी सायकलच उचलायला लागले. मग तिनं युक्ती काढली. रस्त्याचे टप्पे पाडायचे. पहिला टप्पा एकीनं सायकलवर जायचं, ठरलेल्या लिंबाला सायकल टेकवून ठेवायची आणि पुढं चालू लागायचं. दुसरीनं मागून चालत यायचं, लिंबापाशी सायकल घ्यायची, चालणारीला मागं टाकून ओढ्याच्या फरशीपुलापर्यंत जायचं आणि तिथं ठेवून पुढं चालायचं. असं आलटून पालटून. दोघी निम्म्या चालायच्या, निम्म्या सायकलवर, आणि शाळेत जवळपास एकदमच पोचायच्या. कुलूप नव्हतं. रानात एकटी सायकल उभी असायची, कुणी हात लावायचं नाही. बाईंची सायकल म्हणून आख्ख्या शिवाराला माहीत.

एकदाच घोटाळा झाला. पलटणीतून सुट्टीवर आलेला एक जवान वाडीकडं निघाला होता. त्यानं लिंबापाशी सायकल बघितली, म्हणाला बाई विसरून गेल्या वाटतं, आणि एवढी चांगुलपणाची हौस, की सायकल रानातल्या आडवाटेनं थेट शाळेत नेऊन पोचवली. आम्ही दोघी आपापल्या जागी चालतोय. ती पुढं, मी मागं, आणि मधे सायकल नाही. शाळेत पोचलो तेव्हा हा सायकल पुसून, घंटी चकचकीत करून शाबासकीची वाट बघत उभा. मी त्याला असा झाडला, की बिचाऱ्यानं उरलेल्या सुट्टीत शाळेकडं तोंड केलं नाही. थोरल्या बाई मात्र भिंतीला टेकून पोट धरून हसत होत्या.

पुढं तिची बदली सांगलीकडं झाली. सायकल कुणी ठेवायची म्हणून आम्ही भांडलो, आपल्याकडं नको म्हणून. शेवटी ती माझ्याकडं राहिली आणि आमच्या घराबरोबर फिरत फिरत साताऱ्याच्या अडगळीच्या खोलीत आली.

पंक्चरवाल्यानं दोन दिवस घेऊन तिला माणसात आणलं. नव्या ट्यूबा, नवे टायर, चेनला तेल. रंग मी लावू दिला नाही. गंज चालेल, पण दुसरीच सायकल वाटली तर माझा सगळा बेत बुडाला. मग ती गाडीत घालायचा प्रश्न आला. डिकीत अर्धी बाहेर राहत होती. "काकू, टेम्पो सांगा की," पंक्चरवाला म्हणाला. "तीन तासांत माझा मेव्हणा पोचवंल."

"तुझा मेव्हणा ओळख पटवायला बसणार आहे का तिथं?" मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

समोरचे हवालदार मदतीला आले. आता त्यांनी उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. असं घ्या, तसं फिरवा, नव्वद अंशात वळवा. मी म्हटलं, "आवं, खाली उतरून एक बाजू धरता का?" तेव्हा धरली. पुढचं चाक काढून डिकीत ठेवलं. पायडलं काढली. हँडल सैल करून फ्रेमच्या रेषेत वळवलं. अँबॅसिडरच्या मागच्या सीटची गादी नुसती उचलली की निघते, ती काढून घरात ठेवली आणि त्या जागी जुनी वाकळ अंथरली. मग मागचं चाक आधी, तिरकं, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दारातून. सायकल दोनदा अडकली. तिसऱ्या वेळी हवालदारांनी श्वास रोखला, जणू त्यांनी पोट आत घेतल्यावर गाडी मोठी होणार होती, आणि सायकल आत गेली. हँडलची एक मूठ पुढच्या दोन सीटांच्या मधून बाहेर आली, ती बरोबर माझ्या कोपरापाशी. दार लागलं. टपाला ओरखडा नाही.

"हत्तीच्या ताकदीचं काम झालं," हवालदार घाम पुसत म्हणाले. मग म्हणाले, "वैनी, एकट्या जाताय?"

"सायकल आहे की," मी म्हटलं.

सकाळी सातला निघाले. हे गेल्यापासून वाढे फाट्याहून लांब गाडी कुठं नेली नव्हती, आणि आता एकशेवीस किलोमीटर जायचं होतं. उंब्रजपर्यंत माझ्या खांद्यांना कळ लागली, इतकं स्टिअरिंग आवळून धरलं होतं. कारखाने चालू झालेले, त्यामुळं उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक दोन जोडलेल्या, गाणी लावून मधोमध. त्यांना मागं टाकायचं म्हणजे आधी त्यांना ऐकू जायला पाहिजे. ह्यांचा हॉर्न मी वाजवला. त्याचा आवाज म्हशीसारखा आहे, पण ट्रॉलीवाला बाजूला झाला.

खड्डा आला की मागं सायकलची घंटी आपोआप वाजायची. कराडच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं, तिथं तर ती सारखी वाजत होती. पहिल्यांदा मी दचकून आरशात बघितलं. मग सवय झाली. मग मी तिच्याशी बोलायला लागले. खोटं कशाला सांगू, कराड ते पेठ नाका मी बोलतच होते. आधी काय म्हणायचं, ह्याची तालीम केली. 'बाई, मी आले गं.' नको, फार साधं. 'ओळख बघू कोण?' छे, परीक्षा घेतल्यासारखं वाटेल. 'चुकलं माझं' हे पहिल्या वाक्यात म्हणायचं की जेवण झाल्यावर, ह्यावर पाच-सहा किलोमीटर गेले.

टोलनाक्यावरच्या मुलीनं खिडकीतून आत वाकून बघितलं. "काकू, गाडी बंद पडली तर सायकलीवर जायला व्हय?" ती म्हणाली. मला हसू आलं. सकाळपासून मी पहिल्यांदाच हसले होते. मागच्यांनी हॉर्न वाजवले तरी आम्ही दोघी जरा वेळ हसत होतो. पुढं आष्ट्याला चहा घेतला. टपरीवाल्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विकणार का विचारलं. नाही म्हटलं, आणि का नाही ते त्यानं विचारायच्या आत निघाले.

सांगलीत तिच्या मुलाचा बंगला एका अरुंद गल्लीत आहे. अकरा वाजले होते. सूनबाई हात पुसत बाहेर आल्या, मुलगा कामावरून सुट्टी काढून थांबला होता. मी म्हटलं, "तिला आत्ताच बाहेर आणू नका. आधी सायकल जोडू दे." मुलानं आणि मी मिळून ती बाहेर काढली, चाक बसवलं, पायडलं आवळली, हँडल सरळ केलं. नट दोनदा खाली पडला. मी सायकल अंगणात सदाफुलीच्या कुंड्यांशेजारी टेकवली, पदर नीट केला, केस नीट केले. लग्नाला दाखवायच्या दिवशीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

ती आली. अंगानं अर्धी झाली होती. केस बारीक कापलेले, सुनेच्या हाताला धरून, पण चाल तीच. मेंढरांमागं चालायला शिकलेल्या माणसाची चाल, लांब टांगांची. तिनं सायकल बघितली आणि थांबली. सुनेचा हात सोडला. जवळ गेली. घंटीवर अंगठा ठेवला, पण वाजवली नाही. सीटवरची धूळ हातानं झटकली. धूळ नव्हती. मग तिचा चेहरा असा उजळला, की मुलगा म्हणाला, "आई हसली बघा." माझ्या तोंडात शब्द आलेच होते.

तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आवं ताई," ती म्हणाली, "तुमी कशाला उचलून आणली ही?"

मला आवं. मला ताई.

"इसरलेली न्हवती ती. ठेवलेली हुती," ती समजावून सांगायला लागली, रागानं नाही, शाळेत सांगायची तसं. "मागनं आमच्या धाकट्या बाई चालत याय लागल्यात. आता त्या तिथवर येतील आन् सायकल न्हाई. मग काय करतील त्या? लोकांस्नी कळत न्हाई. मागं एका मिलटरीवाल्यानं असंच केलं."

मुलगा मधे पडला. "आई, अगं ह्याच त्या. ह्याच धाकट्या बाई. साताऱ्याहून आल्यात."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझे पांढरे केस, चष्मा, सुजलेले पाय. मग मुलाकडं बघून हसली, लहान पोर काहीतरी बोललं की आपण हसतो तशी. "ह्या? ह्या लय वयस्क हायेत," ती म्हणाली. "आमच्या बाई तरण्या हायेत."

मी पायरीवर बसले. सुनेनं पाणी आणलं, मी ते घेतलं आणि तसंच शेजारी ठेवलं. एवढ्या लांब आले ते हे ऐकायला. मला तिचा राग आला, हो, तिचा. आजारी माणसाचा राग धरू नये हे मला कळतं, पण आला. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिला काळजी लागली होती. सायकल कुणी परत नेऊन ठेवणार?

"ताई, तुमची मोटार हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग तेवढी माघारी न्या. आन् लिंबापाशी न्हाई ठेवायची हां. लिंबाच्या अलीकडं वळण हाय, खडीचा ढीग हाय, तिथं ठेवा. मी तिथंच ठेवती."

"ठरलंय तर लिंबापाशी," माझ्या तोंडून गेलं.

"ठरलंय. पर मी अलीकडंच ठेवती." मुलगा आणि सून आत गेल्याची तिनं खात्री केली आणि आवाज खाली आणला. "बाईंचं पोरगं गेलं. पोटातलं. सातवा म्हैना हुता. मालक तिकडं बर्फात. पंधरा दिसांत उठून शाळेत हजर. मी म्हनलं, सायकल तू घे, मी चालती, माझ्या पायाला सवय हाय. तर अंगावर आली. मला कुणाची कीव नगं म्हनली. अशी हाय ती. मग मी काय करू? मी म्हनलं मला चढाला दम लागतोय, मी लिंबापतुर न्हाई नेत. तेवढंच तिला चालणं कमी. उजव्या हाताला खडी दिसली की ठेवायची आन् पुढं चालू लागायचं. एक मैल वाचतोय बगा तिचा."

मला ते वर्ष आठवलं. मी ते वर्ष कधी मुद्दाम आठवत नाही. खडीच्या ढिगापाशी सायकल दिसायची आणि मी तिथूनच तणतणत निघायची, की एक साधी गोष्ट ठरवली तर ती हिला पाळता येत नाही. शाळेत पोचल्यावर मुलांसमोर तिला बोलायची. एकदा मी म्हटलं होतं, "मेंढरं राखणाऱ्यांना शिस्त कुठून असणार?" हे मी म्हटलं होतं. तिच्या तोंडावर. ती फळा पुसत होती, पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी सायकल पुन्हा खडीपाशीच होती. दम लागतो गं, म्हणाली. सायकल ती उशिरा शिकलेली, तोल सांभाळत चालवायची, म्हणून मला ते खरंच वाटलं. माळावर दिवसाला पाच-दहा कोस चालणाऱ्या बाईला एका चढाला दम लागत नाही, एवढं माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत आलं नाही.

मी रडायला लागले. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आपण परक्या माणसाला धीर देताना ठेवतो तसा, जरासा.

"तुमी नका वाईट वाटून घेऊ," ती म्हणाली. "तुमाला काय म्हाईत, तुमी भल्यासाठीच उचलली. पर तिला ह्यातलं सांगू नका हां."

"नाही सांगत," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर सायकल पुन्हा गाडीत गेली. मुलगा म्हणाला, "मावशी, राहू दे की इथंच, उद्या विसरेल ती." पण ती फाटकाशी उभी राहून बघत होती, चाक नीट काढतोय का, हँडल कुठं लागत तर नाही ना. मी विसरेन म्हणून तिनं वळणाची खूण पुन्हा एकदा सांगितली. मी स्टिअरिंगवर बसले, काच खाली केली. आता निघायला पाहिजे होतं, पण माझ्याच्यानं निघवेना.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "तुमच्या धाकट्या बाईंना कधी कळलं, की तुम्ही मुद्दाम अलीकडं ठेवत होता, तर?"

तिनं विचार केला. खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवून, खरोखर विचार केला.

"भांडंल," ती म्हणाली. "लय भांडंल. बोलणं टाकंल माझ्याशी."

"आणि मग?"

"मग काय? बोलंल की," ती म्हणाली. "मला सोडून कोण हाय तिला?"

मी मान हलवली. मागं ट्रॅक्टर आला होता, गल्ली अरुंद होती, त्याला वाट द्यायला मला गाडी पुढं घ्यावी लागली.